वळणापलीकडची फरशी

बाटलीच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब अडकून बसला होता, पडतही नव्हता, आत परतही जात नव्हता — इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची जुनी बाटली, खटका दाबला की कधी फवारा, कधी नुसतीच हवा. तिने अंगठ्याने तोंड पुसलं, पुन्हा दाबलं, आणि पोस्टाच्या पायरीवर हातभर जागा ओली झाली. मळकट राखाडी पायरी जणू आतून उजळली — गुलाबी दाणे, काळी चमचम, मधूनच काचेसारखे पांढरे ठिपके. मागे कोणीतरी ‘अरे वा’ म्हणालं. दर वेळी कोणीतरी म्हणतंच. खरं तर त्या एका ‘अरे वा’साठीच ती महिन्यातला एक रविवार घरची सगळी कामं बाजूला सारून रस्त्यावर येते… आणि नेमक्या त्याच वेळी, मान वर करताना, तिला खांबाआड दादा दिसला.

दादा, थोरला भाऊ. बस डेपोत पस्तीस वर्षं टाइमकीपर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला, पटकन बघता यावं म्हणून. शेजारी वहिनी, आणि वहिनीच्या हातात या दगड-फेरीचा छापील कागद, चार घड्या घातलेला. या दोघांना कोणी कळवलं? तिने बोलावलं नव्हतं. आठ वर्षांत एकदाही नाही. ‘अरे, रस्त्यातले दगड बघायचे त्यात काय एवढं, तुम्हाला कंटाळा येईल’ असं म्हणून तिने दर वेळी विषय उडवून लावला होता, आणि दादाही भाबडा, त्याला ते पटत गेलं होतं.

“ग्रॅनाइट,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. “हे दाणे एवढे मोठे का झाले? तर हा दगड जमिनीच्या पोटात निवला, आणि अगदी सावकाश निवला. घाईत निवला असता तर दाणे दिसलेही नसते. ज्याला वेळ मिळाला तो मोठा झाला, एवढंच.”

लोक हसले. बावीस जण होते. मंडळाचे सर टोपी सावरत मागे उभे होते — कॉलेजात जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवून आता हे पाषाणमित्र मंडळ चालवणारे. महिन्यातून एक व्याख्यान, एक सहल, आणि गावातल्या इमारतींचे दगड दाखवणारी ही पायी फेरी. फेरी तिची. ती शिकलेली नव्हती यातलं काही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती सत्तावीस वर्षं करत होती. सर तिची ओळख दर वेळी तीच करून देत: “या ताई आठवडाभर लोकांना दिसावं म्हणून काचा घासतात आणि रविवारी लोकांना दिसावं म्हणून दगड भिजवतात.” तिला हे वाक्य आवडायचं. आज मात्र ते कुणीतरी दुसऱ्याच बाईबद्दल बोलल्यासारखं कानावरून गेलं, कारण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती — पाचवा थांबा. पाचवा थांबा, आणि दादा आलाय.

पोस्टाकडून जुन्या वाचनालयाकडे जाताना वहिनीने तिला गाठलं.

“हे कधीचे म्हणताहेत, एकदा ठमीचं बोलणं ऐकायचंय. शेवटी मीच कागद मिळवला, तुमच्या सरांची सून माझ्या ओळखीची.”

ठमी. पन्नाशी उलटली तरी दादाच्या घरात ती ठमीच होती.

“गुडघे दुखतात ना त्याचे,” ती म्हणाली.

“दुखतात. पण कागदावर इस्पितळाचं नाव वाचलं आणि हे सकाळी साडेपाचला अंघोळ करून बसले.” वहिनीने आवाज खाली आणला. “त्यांना ती खोली बघायचीय. आईंची. म्हणतात, एकट्याने जायला पाय उचलत नाही, ठमी असेल तर जाईन. तीच तर होती तेव्हा जवळ.”

तीच तर होती तेव्हा जवळ… ती वाचनालयाच्या भिंतीपाशी पोचली, बाटली दाबली, वाळूच्या दगडातले आडवे पट्टे दाखवले, हे पट्टे म्हणजे एकेका पुराने आणून टाकलेली वाळू, असं म्हणाली, एका आजोबांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही दिलं — काय दिलं ते तिला नंतर आठवेना. तोंड एकीकडे बोलत होतं. दुसरीकडे ती इस्पितळाच्या त्या कॉरिडॉरमध्ये उभी होती.

चौदा वर्षं झाली. आई तीन आठवडे नऊ नंबरच्या खोलीत होती. दादा आणि ती आळीपाळीने बसत. त्या दुपारी डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, ते आवारातल्या दुकानात नव्हतं, म्हणून दादा बाहेर गेला. जाताना म्हणाला, “हलू नकोस हं इथून.” आई झोपली होती. श्वास खरखरत होता, पण तो तर आठवडाभर तसाच खरखरत होता… खोलीत औषधांचा, ओल्या कापसाचा वास. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं मोकळा श्वास घ्यावा म्हणून ती दाराबाहेर आली. लादी पुसणारी बाई नुकतीच कॉरिडॉर पुसून गेली होती, आणि टोकाच्या खिडकीतून उन्हाची तिरीप ओल्या फरशीवर पडली होती. तिथे काहीतरी होतं. तीन आठवडे ती त्याच फरशीवरून येत-जात होती आणि तिला काही दिसलं नव्हतं. आता ओलाव्यात ते वर आलं होतं — नाण्याएवढं गोल, आत वळत वळत गेलेलं, प्रत्येक वळणाला बारीक पडदे. रेखीव. कोणीतरी कोरल्यासारखं, पण कोरलेलं नाही, हे घासकाम करणाऱ्या तिच्या डोळ्यांना लगेच कळलं. मग दुसरं दिसलं. मग तिसरं, अर्धं कापलेलं. मग सगळीकडे दिसायला लागली. ती उकिडवी बसली. फरशी वाळत होती, वाळली की ती वर्तुळं बुडून जात, म्हणून ती हातरुमाल ओला करून पुसत पुसत पुढे सरकत गेली, खिडकीपर्यंत, खिडकीपासून डावीकडे वळण होतं तिथे, वळणापलीकडे…

गेली, यात काही नाही. माणसं पाय मोकळे करायला जातातच. आईही ओरडली नसती. चौदा वर्षं तिला खात होतं ते दुसरंच होतं: तिथे वळणापलीकडे ती आनंदात होती. इतक्या आनंदात की आई आजारी आहे हे ती विसरली होती. नुसतं विसरली नव्हती, त्या वेळेपुरती तिला आईच नव्हती, भाऊ नव्हता, दुकान नव्हतं, कोणीच नव्हतं, फक्त खाली दगडात ती वर्तुळं होती आणि वर तिचे दोन डोळे होते. असा आनंद तिला त्याआधी कधी झाला नव्हता. मग मागून आवाज आला, “नऊ नंबरचं कोण आहे? नऊ नंबरचं कोणीच नाही का?”

दादा औषधाची पिशवी घेऊन आला तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती. तो दारातच थांबला. आईकडे न बघता त्याने तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “तू होतीस ना जवळ?”

ती म्हणाली, “होते.”

दोन अक्षरं. बाकीचं सगळं दादानेच जोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत गेला — मी कमनशिबी, पण ठमी होती. पहिल्या दिवशी ठमी नुसती जवळ होती. आठवड्याने तिने हात धरला होता. वर्षभरात आईने तिच्याकडे बघून डोळे मिटले होते. आई एकटी गेली नाही, यावर तो उभा होता. निवृत्तीच्या समारंभात, साऱ्या डेपोसमोर त्याने हे सांगितलं होतं आणि ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती, आणि लोकांना वाटलं होतं, किती साधी बाई.

देवळाचा ओटा झाला, बँकेचा संगमरवर झाला. टपरीवर चहा झाला. चहा घेताना दादा तिच्याजवळ आला, कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, “छान सांगतेस गं. मला वाटायचं दगड म्हणजे दगड.” मग कप खाली ठेवत, “आईला आवडलं असतं.”

“हं,” ती म्हणाली.

आठ वर्षं तिने इस्पितळ टाळलं होतं. गावातली सगळ्यात चांगली फरशी तिथली, हे सरांना ठाऊक होतं, ते मागे लागायचे. ती म्हणायची, आजारी माणसांत घोळका कशाला न्यायचा, बरं दिसतं का. पण आता इस्पितळ नव्या इमारतीत गेलं होतं, जुना भाग रिकामा होता, पुढच्या आठवड्यात तिथे कचेऱ्या येणार आणि जुन्या फरशीवर नव्या चकचकीत लाद्या बसणार. सरांनी परवानगी काढून आणली. “पाहायची तर आत्ताच, ताई. नंतर ती पुन्हा गाडली जाईल.” यावर तिला कुठलीही सबब सुचली नव्हती.

पाचवा थांबा. रखवालदाराने कुलूप काढलं. आत पावलांचा आवाज मोठा होत होता. खोल्यांच्या दारांवरचे आकडे काढून नेलेले, पण लाकडावर त्यांच्या जागा फिकट उरलेल्या — सात, आठ. दादा नवव्या दारापाशी थांबला. वहिनी त्याच्यामागे थांबली. खोली पार रिकामी होती, भिंतीवर पलंग घासल्याचा एक ओरखडा. तो आत गेला नाही; चौकट धरून उभा राहिला, आणि त्याने तिच्याकडे वळून अशा काही नजरेने पाहिलं — कृतज्ञ, ओली, लहान मुलासारखी — की ती दारावरच्या फिकट नऊकडे बघू लागली.

“तुम्ही या मागाहून,” ती म्हणाली, आणि बाकीच्यांना घेऊन खिडकीकडे निघाली. वळणापलीकडे.

तिथे ती खाली बसली. फवारा मारला. चौदा वर्षांनी ते वर आलं — तेच, तिथेच; जगाच्या दृष्टीने चौदा वर्षं म्हणजे काहीच नाही, आणि दगडाच्या दृष्टीने तर मुळीच नाही. मागे कोणी ‘अरे वा’ म्हणालं नाही. सगळे एकेक करून खाली बसू लागले, गुडघ्यांचा कटकट आवाज ऐकू येत होता.

“हा अमोनाइट. समुद्रात राहणारा प्राणी, शंखातला. ही फरशी चुनखडीची आहे, म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. हे बारीक पडदे दिसतात? त्या त्याच्या खोल्या. मोठा झाला की पुढे नवी खोली बांधायचा, मागची बंद करायचा.”

“मग राहायचा कुठे?” एका तरुण मुलीने विचारलं. ती शाळेत शिक्षिका होती, वही घेऊन आली होती.

“शेवटच्या खोलीत. फक्त शेवटच्या.”

मुलीने लिहून घेतलं. मग भिंग डोळ्याला लावून ती खूप वेळ बघत राहिली, इतका वेळ की तिच्यामागचे लोक कुजबुजायला लागले, आणि तिच्याकडे पाहताना मनात आलं, ही मुलगी आता कुठेच नाहीये. हिला हाक मारली तर ऐकू येणार नाही.

अखेर मुलीने डोकं वर केलं. “ताई, तुम्हाला या सगळ्याचा नाद लागला कसा?”

सर हसले. “अहो, तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. एक गिऱ्हाईक चष्म्याची पडलेली काच म्हणून अंगणातून चक्क गारगोटीचा तुकडा उचलून दुकानात घेऊन आलं आणि म्हणालं, नंबर तोच आहे ना बघा —”

लोक हसायला लागले. हा किस्सा तिनेच रचलेला. पहिल्या व्याख्यानाच्या वेळी कोणीतरी हेच विचारलं होतं आणि तोंडातून निघून गेला होता; मग आठ वर्षं काचेसारखा घासून घासून ती तो सांगत आली होती. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं बसलेलं. आताही फक्त हसायचं होतं. इतकंच.

“नाही सर,” ती म्हणाली. “तसं झालेलं नाही. ते मी रचून सांगत होते.”

सरांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं.

“माझी आई होती इथे. मी तिच्यासोबत होते… म्हणजे बसायला असायचे. एका दुपारी फरशी नुकतीच पुसलेली होती. त्यामुळे दिसलं. मग मी इथे येऊन बसले, आत्ता बसलेय ना, इथेच. बघत राहिले.”

“आईंना दाखवलंत?” मुलीने विचारलं. अगदी सहज. तिला ते दृश्य दिसत असावं — आईला हाताला धरून आणणारी लेक, खिडकीतलं ऊन.

“नाही. मी परत गेले तोवर आई गेली होती.”

मुलीने वही मिटली. आणि मग तिला जाणवलं की कॉरिडॉरच्या वळणावर, भिंतीला हात लावून, दादा उभा आहे. कधीपासून ते कळायला मार्ग नव्हता, पण त्याचा चेहरा बघून कळत होतं.

तो पुढे आला. लोक नकळत बाजूला झाले. ती बसली होती तिथे, तिच्या शेजारी येऊन तो उभा राहिला आणि त्याने मागे वळून पाहिलं — खिडकी, कोपरा, भिंत. डेपोच्या फाटकात उभा राहून तो गाड्या येण्याच्या दिशेला पाहायचा, तसंच.

“इथून नऊ नंबर दिसत नाही,” तो म्हणाला.

“नाही दिसत.”

“किती वेळ?”

“माहीत नाही, दादा. वीस मिनिटं. जास्तच असेल.”

“मी तीन पस्तीसला गेलो,” तो म्हणाला, तिला नाही, स्वतःशीच. “दाखल्यावर त्यांनी वेळ चार दहाची लिहिली होती.” मग त्याचा हिशेब तिथेच थांबला, किंवा पुढे काय करायचं ते त्याला कळेना. वहिनीने त्याच्या दंडाला हात लावला. त्याने तो हळूच काढला. खिडकीचा कट्टा रुंद होता, त्यावर तो बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

“दादा —”

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “ही माणसं उन्हातून आलीत. मी बसतो जरा.”

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. रडला असता तरी. आवाजात काहीच नव्हतं. आवाज पायरीसारखा कोरडा होता, आणि तो भिजवायचा अधिकार तिने या क्षणी गमावला होता की चौदा वर्षांपूर्वीच… ती उठली. सरांनी हात दिला, तो तिने घेतला. वहिनी कट्ट्याजवळच उभी राहिली आणि तिने मानेनेच खूण केली, जा.

सहावा थांबा न्यायालयाची भिंत. रस्ता ओलांडून पन्नास पावलं, तेवढ्यात तिने शंभर वेळा मागे वळायचं ठरवलं आणि वळली नाही. काय केलं हे मी? चौदा वर्षं त्याला आई एकटी गेली नाही, असं वाटत होतं, आणि आज सकाळी साडेपाचला अंघोळ करून तो त्याबद्दल माझे आभार मानायला आला होता. त्याचं काय बिघडलं होतं? मलाच हलकं व्हायचं होतं म्हणून? पण हलकं वाटत नव्हतं. खरं बोलल्यावर छाती मोकळी होते म्हणतात, तिची छाती तशीच भरलेली होती. फक्त आत जे होतं ते आता तिच्या एकटीचं नव्हतं, अर्धं तिकडे कट्ट्यावर बसलं होतं, गुडघे दुखणाऱ्या एका माणसाच्या मांडीवर, आणि तो ते कसं उचलणार होता ते तिला ठाऊक नव्हतं.

न्यायालयाची भिंत काळ्या दगडाची होती, बारीक भोकांची. माणसं अर्धवर्तुळात उभी राहिली. नेहमी इथे ती एक विनोद करायची. आज तो आठवला, पण करावासा वाटला नाही.

“हा अग्नीतून आलेला दगड,” तिने सुरुवात केली, आणि थांबली. सगळे वाट बघत होते. शिक्षिका अगदी पुढे, भिंग मुठीत. कोणाच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, किंवा असेल तर ती तिला दिसली नाही. त्यांना बघायचं होतं. तिला एकदम कळलं की तिलाही बघायचं आहे — आत्ता, या क्षणीसुद्धा, तो मागे बसलेला असताना, ही भोकं, त्यांच्या आत जमलेले पांढरे कण, तिला बघायचेच आहेत. ती ओढ तशीच्या तशी होती, निर्लज्ज म्हणावी इतकी, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या ओढीकडे पाठ फिरवली नाही. ती चांगली की वाईट हे तिला ठरवता येईना. इतकंच, की ती आईपासून चोरलेली आहे असं आता वाटत नव्हतं. आईचं जाणं आणि ही ओढ त्या एकाच दुपारची होती, त्याच ओल्या फरशीची, दोन्ही एकाच वेळी, आणि ते वेगळं करणं तिच्याच्याने होणार नव्हतं, दादाच्यानेही कदाचित नाही.

“जवळ या,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला नवा, थोडा घोगरा वाटला. “हात लावून बघा. घाई नाही.”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे रस्त्यावर पावलं वाजत होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांची, आणि त्यात कुठलीही पावलं एखाद्या जड, दुखऱ्या गुडघ्यांनी चालणाऱ्या माणसाची असू शकली असती. ती ऐकत राहिली, न वळता, आणि बोलत राहिली.